कमानीवरचं जहाज

सोलापुरात नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही, पण समुद्राबद्दल बोलणारे गल्लोगल्ली सापडतात. मी नौदलात सिग्नलमन होतो. दुर्बीण डोळ्याला लावायची आणि क्षितिजावरचा ठिपका आपला की परका, लढाऊ की तेलवाहू, हे नुसत्या आकारावरून सांगायचं, हेच माझं काम. पुढे बँकेत चिकटलो, तिथूनही निवृत्त झालो. आता लोक माझ्याकडे जुने फोटो घेऊन येतात. कुणाचे आजोबा, कुणाचा मामा. मागे जहाज असतं आणि त्याचं नाव हवं असतं. काम फुकट, वर चहाही माझाच.

यातल्या बहुतेकांनी आधी मोबाइलवरच्या कुठल्यातरी गटात विचारून झालेलं असतं. तिथे तज्ज्ञांना तोटा नाही. सपाट दिसलं की विमानवाहू, टोकदार दिसली की विनाशिका, एवढ्या भांडवलावर ही मंडळी बेधडक नावं ठोकून देतात. बंदरात गाळ उपसणाऱ्या एका बोटीला एकाने युद्धनौका ठरवलं होतं आणि खाली ओळीने लोकांनी हात जोडून सलाम केले होते. मी ती गाळाची बोट आहे असं लिहिलं, तर देशद्रोही म्हणून मलाच गटाबाहेर काढलं. बरंच झालं म्हणा. डोक्याला शांतता मिळाली.

गेल्या उन्हाळ्यात वळसंगचा एक कार्यकर्ता आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाइल. गावात कमान बांधायची होती, ती त्याच्या चुलत्यांच्या नावाने. चुलते नौदलात होते. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच, सुट्टीवर घरी आलेले असताना, कावीळ होऊन गेले. काविळीवर कमान उभी राहत नाही, म्हणून पुतण्याने त्यांना परस्पर शूरवीर करून टाकलं होतं. वीर म्हटला की मागे जहाज हवं आणि जहाज म्हटलं की त्याचं नाव हवं. तेवढ्यासाठी स्वारी माझ्या दारात.

बरोबर त्याची काकी होती, म्हणजे त्या चुलत्यांची बायको. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. पुतण्या कमानीची उंची सांगत होता, त्याचं बोलणं मध्येच तोडून ती मला म्हणाली, "अण्णा, त्यांचा एकच फोटो हाय. लग्नात फोटोवाला आलाच न्हाय. माझ्याजवळ त्यांचं तोंड म्हणून तेवढंच."

पुतण्याने फ्रेमवरचं कापड झटक्यात काढलं. उद्घाटनाची सवय होतीच. आत एक गोरापान तरुण, पांढराशुभ्र गणवेश, छातीवर पदकांची रांग, ओठांवर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू. मागे भलंमोठं करडं जहाज. जुना फोटो खराब झाला होता म्हणून गावातल्या स्टुडिओवाल्याने तो मोबाइलवरच्या कुठल्याशा करामतीने नवा करून दिला होता.

मी चष्मा बदलला आणि बघायला लागलो. झेंडा डावीकडे फडकत होता आणि धूर उजवीकडे जात होता. एकाच बाजूला तीन नांगर होते. एका तोफेची नळी थेट कप्तानाच्या खिडकीत रोखलेली होती. जहाजाच्या नाकावरचा नंबर कुठल्याही लिपीत नव्हता आणि चुलत्यांच्या टोपीवरची अक्षरंही त्याच लिपीतली होती. असलं जहाज कुठल्याही देशाने कधीही पाण्यात सोडलेलं नाही, सोडलं तर बंदरातच बुडेल, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तरी दिसतंय छान की सर. नावाचं तेवढं बघा, गटात तिघांनी तीन नावं सांगितली आहेत, त्यातलं कुठलं घालू?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हाताऱ्या बाईसमोर शिव्या देता येत नाहीत. मूळ फोटोत काय होतं, असं मी तिलाच विचारलं.

तिने न अडखळता सांगितलं. अंगात बनियन आणि हाफ चड्डी, पाय उघडे, उन्हाने डोळे बारीक केलेले. पाठीमागे काळी भिंत, वर जरा पुढे आलेली, तिला काचेच्या खिडक्यांची एक ओळ. बाजूला दोरीवर गाद्या आणि चादरी वाळत घातलेल्या. हे सांगताना ती फ्रेमकडे बघतही नव्हती.

मी पुतण्याला विचारलं, ती भिंत कुठे गेली? तो म्हणाला, "ती लई भंगार दिसत होती सर. वसतिगृहाची भिंत वाटायची. गाद्या बी काढा आणि भिंत बी काढा म्हटलं, आन् मागं एक दणकट जहाज टाका म्हटलं."

ती भिंत म्हणजे पाणबुडीचा मनोरा होता. पाणबुडी वर आली की तेवढाच भाग पाण्यावर उठून दिसतो आणि त्यावरूनच ती ओळखायची असते. आत डिझेलच्या वासाने अंथरूणसुद्धा आंबून जातं, म्हणून बंदराला लागलं की पोरं गाद्या वर आणून उन्हात टाकतात. त्या एका फोटोत माणूस कुठे राहत होता याचा सगळा पुरावा होता. आणि या दिवट्याने पाणबुडीवरच्या माणसाच्या फोटोतून पाणबुडी खोडून तिथे जहाज आणून ठेवलं होतं, का, तर नौदल वाटावं म्हणून. हे मी त्याला याच शब्दांत ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि पाणबुडी कमानीवर कशी दिसेल, असा विचार करायला लागला.

बाईंनी मात्र विचारलं, "पान्याखाली ऱ्हात हुते? मला म्हनायचे, बोटीवर हाय."

सांगितलं तर तुम्हाला झोप लागली नसती, म्हणून सांगितलं नसेल, असं मी म्हणालो.

आता मूळ फोटो बघितल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नव्हतं. पुतण्याच्या दोन्ही मोबाइलमध्ये तो नव्हता. सुप्रभातची फुलं, नेत्यांचे वाढदिवस, कमानीसाठी नमुना म्हणून जमवलेल्या सतरा कमानी, सगळं होतं. चुलते नव्हते. स्टुडिओवाल्याला फोन लावला, तर काम झालं की जुनं उडवतो, जागा भरते, असं तो म्हणाला. आणि मूळ फोटो? तो फ्रेमच्या आतच आहे, नव्याच्या मागे. टाकून द्यायला मन होईना, म्हणून प्लायवूडला चिकटवून टाकला. जुन्याचे डाग नव्यावर उतरू नयेत म्हणून तोंड मागच्या बाजूला केलं. हे सगळं त्याने फार काळजी घेतल्याच्या सुरात सांगितलं.

फ्रेमचे खिळे मी पक्कडीने एकेक करून काढले. नवा फोटो बाजूला ठेवला. खाली प्लायवूडवर उपडा चिकटवलेला जुना फोटो होता. कडा मोकळ्या होत्या, मध्यभागी डिंकाचा गोळा सुकून टणक झालेला. मी म्हटलं, याला हात लावू नका, ओलं फडकं ठेवून बसू, संध्याकाळपर्यंत सुटेल. फडकं आणायला आत गेलो.

परत आलो तेव्हा कार्यकर्त्याने कार्य केलेलं होतं. "निघतंय की सर," असं म्हणत त्याने एका झटक्यात फोटो ओढला होता. कडा धड निघाल्या. मधला भाग प्लायवूडलाच राहिला, कागद फाटून पांढराफटक पडलेला. चेहरा नेमका तिथे होता.

बाकी सगळं शाबूत होतं. उघडे पाय, हाफ चड्डी, वाळत घातलेल्या गाद्या. आणि मनोरा तर इतका स्वच्छ, की भिंगसुद्धा लागलं नाही. रशियाहून आपण आणलेल्या डिझेलच्या पाणबुड्यांपैकी एक. यात तिळमात्र शंका नव्हती, पण नेमकी कुठली, ते सांगता येणार नव्हतं, कारण नंबर रंगाखाली गेलेला होता. मी तसं सांगितलं. पुतण्या हिरमुसला. कुठलं तरी एक नाव ठोकून द्या सर, गावात कुणाला कळतंय, म्हणाला. मी त्याला दार दाखवलं, पण त्याला ते दिसलं नाही.

बाईंनी फाटका फोटो मांडीवर घेतला होता. त्या पांढऱ्या भागाच्या कडेकडेने त्यांचं बोट फिरत होतं. पुतण्याला बहुधा त्या रडतील अशी धास्ती वाटली. तो म्हणाला, "काकी, मनाला लावून घेऊ नको. फ्रेममधला हाय की. त्येच तोंड हाय, नुसतं साफ केलंय."

त्या रडत नव्हत्या. नवा फोटो उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"अण्णा, तुमी वळखता न्हवं? मग सांगा, ह्यो कोन हाय? महिना झाला भितीवर हाय. आता डोळं मिटलं तरी ह्योच येतोय. आमचे येत न्हाईत."