धानाच्या ढिगावरचं व्याख्यान

आरमोरीच्या खरेदी केंद्रावर आमचं वर्षभराचं धान आठ दिवस उघड्यावर पडलं होतं, कारण बारदाना आला नव्हता. रिकामं पोतं नाही म्हणून माप नाही, माप नाही म्हणून खरेदी नाही. आमचा ढीग एवढा उंच, की माथ्यावर चढलं तर घुग्घुसची धुराडी दिसायची. शेजारच्या ढिगाआड तो अख्खा झाकला जायचा, ते सोडा.

माय ढिगाशेजारी खाट टाकून राखणीला होती. आमची ताडपत्री मात्र मी सकाळीच मेहुण्याला लग्नाच्या मांडवासाठी देऊन टाकली होती. पाऊस येत नाही, आभाळ मला विचारूनच भरतं, असं त्याला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

त्याच दुपारी केंद्राच्या शेडमध्ये नागपूरच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. मागे भिंतभर बॅनर : ‘आर्थिक सुरक्षा हीच राष्ट्राची सुरक्षा’. आम्ही रिकामेच होतो, शिवाय चहा होता. प्राध्यापक अंगानं काडी, पण आवाज असा की वैनगंगेतले मासे काठाला आले. म्हणाले, “शत्रू सीमेवरूनच येतो असं नाही. ज्या देशाचं कोठार रिकामं, तो देश लढाईआधीच हरतो!”

मी टाळी वाजवली आणि नदीपलीकडच्या सावली गावाकडून काळं आभाळ उठलं.

माय शेडमध्ये आली. “ताडपत्री कुठी हाय रे?”

“मेहुण्याकडं.”

“काऊन?”

मी आभाळाकडं बघितलं. आभाळानं ओळख दाखवली नाही.

“मंग तूच निज ढिगावर. आडवा पड अन् पांघरूण हो!” म्हणता म्हणता तिची नजर भिंतीवर गेली. “साहेब, हे कापड कितीक लांब हाय जी?”

“मावशी, माझं अजून संपलं नाही.”

“तुमचं चालू द्या ना जी. मले फक्त कापड पायजे.”

पुढच्या मिनिटाला राष्ट्राची सुरक्षा आमच्या धानावर पसरली होती. तीन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. चौथ्याला वीट उरली नाही. मायनं प्राध्यापकांचा हात धरला. “इथी बसा जी. अन् हालू नोका.”

ते बसले. वाऱ्यानं बॅनर उचललं, त्यावर प्राध्यापकही उचलले गेले. वैनगंगा ओलांडून सावलीच्या बाजारावरून एक फेरी मारून ते नेमके त्याच कोपऱ्यावर उतरले. खोटं वाटत असेल तर सावलीवाल्यांना विचारा. ते नाही म्हणतील, त्यांना जळायची सवयच आहे. मग नारळाएवढे थेंब पडले. प्राध्यापक भिजत, दात वाजवत कोठारांबद्दल बोलतच राहिले. वीट उडालेला दुसरा कोपरा मी, कुणी न सांगता, धरला आणि सगळं ऐकलं.

पाऊस थांबल्यावर धानाचा ओलावा तपासणारा ग्रेडर आला. शेजारच्या दोन ढिगांना त्यानं “वाळवा परत” म्हटलं. आमच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तळाचा दाणा काढला, दाताखाली धरला.

कट्!

“कोरडं हाय. चालते.”

मायनं प्राध्यापकांना स्वतःच्या हातानं चहा दिला. “साहेब, तुमचं भाषण कितीक दिवसाचं हाय?”

“एकाच दिवसाचं, मावशी.”

“मंग उद्याही या ना जी. बारदाना अजून आला नाई.”

प्राध्यापकांनी ओलं धोतर झालेली पँट पिळली, फोन काढला आणि घरी सांगितलं, “मी परवा येतो.”