वहिनीचा हरवलेला पुंजका

आमची वहिनी विश्व चालवते. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून. डोळ्यांना न दिसणारं पण वजन असलेलं जे कृष्णद्रव्य असतं, त्याचे कोट्यवधी ठिपके ती संगणकातल्या एका खोक्यात सोडते आणि ते एकमेकांना ओढत पुंजके कसे बनवतात ते बघते. त्या पुंजक्यांना म्हणायचं हॅलो. खोकं एवढंसं आणि विश्व अफाट, म्हणून उजवीकडून बाहेर पडलेला ठिपका डावीकडून पुन्हा आत येतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढलं.

यंदा मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. हिशेबानं एक भलाथोरला पुंजका बनायला हवा होता, आणि मोजणाऱ्या प्रोग्रामला नेमका तोच सापडेना. "काहीतरी मुळातच चुकलंय," साहेब म्हणाले. "पुन्हा चालवायला मोठा संगणक आता पुढच्या वर्षीच मिळेल." वहिनीची नेमणूक महिनाअखेरीस संपत होती, निकाल नाही तर मुदतवाढ नाही. दादा तिला हसवायला जायचा आणि बोलणी खाऊन यायचा.

शेवटी तिनं टेबल आवरायला घेतलं. आठवण म्हणून खोक्याचं चित्र घरी लावायचं ठरलं. फ्रेमवाला मी घरचाच. तिनं पाठवलेलं चित्र बघून माझं डोकंच फिरलं. मी फोन लावला.

"वहिनी, कडा कुठे गेल्या?"

"कडेला काय ठेवलंय, भावजी? बघण्यासारखं सगळं मधेच आहे."

"मला अख्खं खोकं हवं. अर्धवट काम मी करत नाही."

कुरकुरत तिनं अख्खं खोकं पडद्यावर आणलं. मग किंचाळलीच, "अहो, आठही कोपरे उजळलेत!"

पुंजका बरोबर कोपऱ्यावर बनला होता. समोरासमोरच्या कडा जोडलेल्या आहेत, हे मोजणाऱ्या प्रोग्रामला सांगायचंच बाईसाहेब विसरल्या होत्या. त्यानं बिचाऱ्यानं आठ तुकडे आठ वेगळे पुंजके म्हणून मोजले. तिनं सगळे ठिपके अर्धं खोकं सरकवले, तर महाराज मधोमध!

दुपारी पुन्हा तिचा फोन. आवाज रडका, पण हसत होती.

"भावजी, मुदत वाढली! आठवण कसली ठेवताय, मी कुठे चाललेय?"

इतका आनंद झाला की दुकानात गिऱ्हाईक असताना मी ओरडलो, "फ्रेम ठोकून झालीय! टेबल पुन्हा मांड, आणि तिथेच लाव!"