मागच्या सीटवरची आत्या

आत्या माझ्या गाडीत दीड वर्ष बसली, पण एकदाही टेकून बसली नाही. मागच्या सीटवर, माझ्या लेकीच्या खुर्चीला लागून, पाठ ताठ, मांडीवर पर्स आणि पर्सच्या बंदावर हात. बघणाऱ्याला वाटावं, बाई पुढच्याच स्टॉपला उतरणार. मी आरशातून बघून म्हणायचे, जरा रेलून बस. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "रेलून बसलं की राहायला आल्यासारखं वाटतं."

खरं तर ती राहायलाच आली होती. माझा नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. माझी रजा संपलेली, इरा जेमतेम वर्षाची, आणि तिला सांभाळणारी बाई न सांगता काम सोडून गेलेली. मी डोंबिवलीला आत्याला फोन केला. ती शाळेतून निवृत्त होऊन एकटीच राहायची. "महिनाभर येते," म्हणाली आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाविसाव्या मजल्यावर आली. तो महिना कधी संपला ते मी तिला विचारलं नाही. ती गेली असती तर माझी नोकरी गेली असती, हे दोघींनाही ठाऊक होतं, त्यामुळे तो विषयच कुणी काढत नसे.

तिने मागितलं एकच. रविवारी तिला डोंबिवलीला न्यायचं. घराच्या खिडक्या उघडायच्या, देवापुढे दिवा लावायचा, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे आणि परत यायचं. निघताना ती आम्हा तिघींच्या तळहातावर दही घालायची. इराचं दही हमखास खुर्चीच्या पट्ट्याला पुसलं जायचं. आठवडाभर गाडीला आंबट वास येई, आणि तो जायच्या आत पुढचा रविवार उजाडे.

कापूरबावडीच्या अलीकडे, मेट्रोच्या खांबांशी, गाडी थांबायची ती थांबायचीच. मग इरा खुर्चीत पाठीची कमान करून तिचा गाडीतला एकुलता एक शब्द ओरडायची, "खाली, खाली." एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला बस, पुढे पाण्याचा टँकर, दार उघडायचं म्हटलं तरी जागा नाही. मला घाम फुटायचा, मी उगाचच हॉर्न वाजवायचे. आत्या डब्यातला एकेक चुरमुरा तिला भरवत शांतपणे म्हणायची, "मलाही गं बाई. मलाही खालीच उतरायचंय." ती गंमत करतेय असं मी धरून चालले होते. तसं धरून चालणं माझ्या सोयीचं होतं.

माणकोलीचा पूल आला की इरा झोपायची, आत्याचा पदर मुठीत घट्ट धरून. आणि झोपलेलं मूल उठवायचं नाही हा आत्याचा दंडक. तिच्या इमारतीखाली गाडी लावून मी सांगायचे, तू वर जाऊन ये. ती मान हलवायची. पदर सोडवला तर पोर जागी होईल म्हणायची. मग आम्ही तिघी तिच्याच घराखाली एसी लावून बसून राहायचो. काचेतून ती दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बंद खिडक्यांकडे बघत राही. "घर दिसलं, झालं," असं तीच शेवटी म्हणायची आणि मी गाडी वळवायचे. असे कितीतरी रविवार ती उंबऱ्यापर्यंत न पोचताच परत आली.

एका रविवारी दह्याच्या वाटीबरोबर तिने आपली बॅगही खाली आणली. मी काही न विचारता ती डिकीत ठेवली. पुलावर नेहमीप्रमाणे इरा झोपली. गाडी थांबल्यावर आत्या म्हणाली, "मी आता इथेच राहणार. नौपाड्यात माझी एक विद्यार्थिनी पाळणाघर चालवते, तिच्याशी बोलून ठेवलंय. मी आहे तोवर तू दुसरं काही शोधणार नाहीस गं." मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. पण तिचं खोटं कुठे होतं? सगळं गिळून मी एवढंच सुचवलं, की पोर झोपलीये तोवर हळूच उतर. आपल्याकडे सगळे तेच करतात, मुलांना चुकवून निघतात आणि मागून कुणीतरी त्यांना काऊ-चिऊ दाखवतं.

आत्याने इराच्या गालावर हात ठेवला आणि तिला उठवलं.

"डोळा लागला आणि माणूस गेलं, असं झालं तर ही पुन्हा निर्धास्त झोपायची नाही," ती मला म्हणाली. मग इराकडे वाकून म्हणाली, "ठकूताई, मी माझ्या घरी चालले. तू आईबरोबर तुझ्या घरी जा."

इराने पदर सोडला नाही. आत्याने तिचं एकेक बोट सोडवलं आणि ती उतरली. इरा कापूरबावडीपर्यंत रडत होती. मीही रडले, पण गाडी चालवताना डोळे पुसावे लागतात, म्हणून बेताने.

रविवारी आम्ही आत्याकडे अजून जातो. आता वर जातो.

रोज सकाळी नौपाड्यात पाळणाघराच्या दाराशी आई-आजोबा मुलांना खेळण्यात गुंतवून चोरपावलांनी सटकतात. मी इरापुढे उकिडवी बसते आणि तिच्या डोळ्यांत बघून सांगते, की आई चालली, संध्याकाळी येईल. ती भोकाड पसरते. दारातल्या बाई मला रोज समजावतात, अहो, गुपचूप निघा ना, कशाला रडवता पोरीला. मी हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगूनच निघते. संध्याकाळी घोडबंदरच्या त्याच गर्दीत गाडी अडकते. मी आरशात बघते, तर मागे इरा दोन्ही मुठी उघड्या टाकून गाढ झोपलेली असते.