धूर कुणाच्या शेतात?

माझं तोंड तिखट. हे घरात, गावात, ढाणकीच्या बाजारातही सगळ्यांना माहीत आहे. पण याच तोंडानं मी एका चांगल्या बाईचं काय केलं, ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ती माझी शेजारीण, शेताची. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, मी गावातली, आणि दोघींच्या शेतांमध्ये एक धुरा. बांधाला आमच्याकडे धुराच म्हणतात. आम्ही दहा बायका एका संस्थेच्या गटात होतो. कापूस संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायची नाही, तिची कुट्टी करून मातीतच मिसळायची, धुऱ्यावरचं गवत आणि बोरी-पळस राखायचे. माती नि हवा सांभाळल्याबद्दल दरसाल पैसे, तेही बायकांच्या नावावर. त्यामुळं सगळ्यांचा जीव त्यात अडकलेला. अट मात्र कडक होती: एकीनं जाळलं तर सगळा गट बाद. जाळणारी कोण ते आपणहून आधी कळवलं, तर फक्त तिचं नाव कापायचं.

फाल्गुनात मोबाइलवर संस्थेचा निरोप आला. तुमच्या गटात धूर नोंदला आहे, दोन दिवसांनी साहेब तपासणीला येतील.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. गट मीच जमवलेला, एकेकीच्या नवऱ्याशी भांडून. समाजमंदिरात बसलो तर जी ती दुसरीकडं संशयानं बघत होती.

"काडी कोनं लावली? बोला ना वं!" मी ओरडले. शेजारीण खाली मान घालून बसली होती. ते पाहून माझ्या डोक्यात सणक गेली.

"हिनंच लावली. म्या डोळ्यानं पाह्यलं."

पाहिलं कुठं होतं? काहीच नाही. आमच्यात ती एकटी तांड्यावरची, तेवढंच मला पुरलं. लाज वाटते लिहितानाही.

ती उठून उभी राहिली. "बाई, खरं सांगून राह्यली तू?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. आता माघार कशी घेऊ? "तं काय खोटं सांगतो?" मी म्हटलं.

तिनं वाद घातला नाही. "एकीपायी साऱ्याईचं कायले बुडवता? कापा माह्यं नाव," म्हणाली आणि कागदावर सही करून चालती झाली. साहेब यायला अजून दोन दिवस होते. पण खरं बोलायची छाती काही झाली नाही.

साहेब आला. दहाही जणींना बरोबर घेऊन एकेक शेत पायी फिरला. शेजारणीच्या शेतात कुट्टी नीट पसरलेली, राखेचा कण नाही. कुणाच्याच शेतात नाही. तो बुचकळ्यात पडला. धुराची नोंद फोनवरच्या चौकशीतून झाली होती. मग धुऱ्यावर उभ्या उभ्याच त्यानं ते रेकॉर्ड झालेलं बोलणं आम्हाला ऐकवलं. संस्थेची, पुण्याकडची कुणी पोरगी विचारत होती, "ताई, शेतात धूर आहे का?"

आणि उत्तर देणारा खणखणीत आवाज माझा! "आहे ना! चारी बाजूनं आहे. सासऱ्याच्या काळापासून आहे. चांगला रुंद आहे, बैलगाडी जाते!"

"माय वं! तिनं धूर इचारला, हिनं धुरा सांगतला!" बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. साहेबही हसला. गट कायम राहील म्हणाला आणि शेजारणीच्या सहीचा कागद त्यानं सगळ्यांसमोर फाडला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढं होऊन तिचा हात धरला. "चुकली मी. म्या काहीच पाह्यलं नव्हतं."



"मले तवाच ठाऊक होतं," ती म्हणाली. तिनं हात सोडवून घेतला आणि साहेबाकडं वळून शांतपणे विचारलं, "साहेब, तांड्यावरच्या बायांचा येगळा गट करता येते का?"