खाणीच्या पाण्याचे साहेब

भिंतीशी बसून भाजी निवडावी आणि कान उघडे ठेवावे, किस्से आपोआप पदरात पडतात. आमची कॉलनी कोळसा खाणीची, झरी जामणीच्या वाटेवरची. माझ्या भिंतीपलीकडं राहतात वासेकर भाऊजी. माणूस देवमाणूस! काम मात्र... ऐकाच.

खाणीच्या खड्ड्यात साचलेलं काळं पाणी पंपानं उपसायचं, मोठ्या टाक्यात सोडायचं, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी नाल्यात जाऊ द्यायचं. आणि पावसाळ्याआधी टाक्यातला गाळ काढायचा. एवढंच भाऊजींचं खातं. गाळ नाही काढला, तर तो नाल्यातून थेट पारबताबाईच्या वावरात. ही पारबताबाई आम्हाला दूध घालते. गेल्या साली तिची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, काळ्या चिखलाखाली गेली. यंदा दूध मोजता मोजता रोज एकच विचारायची, "साहेब, टाकं कधी उपसता?"

"प्रोसेसमध्ये आहे," भाऊजी म्हणायचे. आणि चहाला दूध जास्त मागायचे!

* * *

खाणीवर पंप तीन. एक चालतो. एक स्टँडबाय, म्हणजे बंद. तिसरा कायम लोहारा गावच्या वर्कशॉपात, दुरुस्तीला.

एकदा भाऊजींची बायको माया कडाडली, "मी वर्षातून एकडाव माहेरी गेली तं तुमचं तोंड वाकडं. तो पंप लोहाऱ्याहून येतच नाही, त्याले कोणी काही म्हणत नाही!"

"अवं, तुह्यासाठी स्टँडबाय नाही ना," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस ते कँटीनमध्ये जेवले.

* * *

मग त्यांच्या घरची मोरी तुंबली. माया म्हणाली, "अख्ख्या खाणीचं पाणी काढता अन् मोरीतलं निघत नाही?"

सवयीनं भाऊजींच्या तोंडून निघालं, "लेखी दे."

तिनं खरंच दिलं! भाऊजींनी त्यावर शेरा मारला, "पाहणी करून अहवाल सादर करावा." तो कागद महिनाभर फ्रिजवर चिकटलेला होता. मी साखर मागायला गेले तेव्हा वाचला. तीनदा.

* * *

पारबताबाईनं तक्रार केली तेव्हा नाल्याच्या पाण्याचा नमुना तपासायला गेला. अहवाल आला: पाणी उत्तम!

मी भाऊजींना विचारलं, "नमुना घेतला कुठून?"

"खाणीच्या वरच्या अंगानं."

"अहो, पण घाण तर खाली होते!"

"वहिनी, खाली चिखल किती आहे! बूट खराब होतात."

* * *

मग पारबताबाई थेट ऑफिसात गेली. भाऊजींनी रजिस्टर उघडून दाखवलं. गाळ काढला, सही, शिक्का.

"काढला तं ठेवला कुठं?"

"बाई, नोंद आहे ना इथं."

"असं काय! म्हंजे गाळ तुमच्या रजिस्टरात, अन् चिखल माह्या वावरात!"

हे भाऊजींनीच आम्हाला हसत हसत सांगितलं. हसले फक्त तेच. माया उठून आत गेली.

* * *

पावसाळा तोंडावर आला आणि वरून तपासणीच्या मॅडम आल्या. त्याच दिवशी भाऊजींचा चष्मा घरी राहिला. तो द्यायला मी गेले. (राहिला नसता तरी गेले असते!)

मॅडम फाईल घेऊन टाक्याकडे निघाल्या. भाऊजी अदबीनं एक पाऊल मागं.

"टाक्याची खोली किती?"

"बारा फूट, मॅडम!"

"गाळ?"

"पूर्ण काढला, मॅडम!"

बांधावर चढलो. टाकं काठोकाठ गाळानं भरलेलं, वर उन्हानं भेगा पडलेल्या. पंपाचं पाणी कडेकडेनं चर पाडून खुशाल नाल्यात चाललेलं. आणि टाक्याच्या मधोमध, पदर खोचून, पारबताबाई! पुढं तिचे दोन बैल, नुसते खूर रुतलेले. मागं नांगर.

मॅडम बांध उतरून तिच्यापर्यंत चालतच गेल्या. मागोमाग भाऊजी. मागोमाग मी.

"बाई, हे काय करताय?"

"नांगरून राह्यली."

"अहो, पण हे खाणीचं टाकं आहे!"

"हो ना. त्यायचं टाकं माह्या वावरात आलं, म्हून मी माहं वावर इथं आणलं."

मॅडमनी भाऊजींकडं पाहिलं. भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पारबताबाईनं बैलांना चुचकारलं आणि म्हणाली, "सरका जराशे, साहेब. नांगराचं तास वाकडं जाऊन राह्यलं."