नुसतं ‘व्हय’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वकिलांच्या खोलीत आम्ही एकमेकांच्या फजित्या रंगवून सांगतो, तिथंही हे कधी ओठावर आलं नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, म्हणून तुमच्यापुढं बसलोय — आणि तरी सुरुवात कुठून करू?

जिभेपासून करतो. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीतला मी पहिला पदवीधर. पुढं वकील झालो, कोल्हापूरच्या कोर्टात उभा राहिलो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण नव्वदीच्या सुरुवातीला, अगदी नवा असताना, तारीख मागताना बोलून गेलो — “साहेब, अशील मलकापूरला गेलतं.” सगळं कोर्ट हसलं. तेव्हापासून माझं नाव पडलं ‘गेलतं वकील’. “काय गेलतं वकील, काल कुठं गेलतासा?” असं म्हणत चहाही बाकीचे वकीलच पाजायचे. मीही हसायचो. आणि घरी रेडिओच्या बातम्या लावून तोंडातल्या तोंडात ‘आहे’, ‘नाही’, ‘गेला होता’ घोकायचो. घासून घासून जीभ धुऊन काढली. काही वर्षांनी नवे वकील मला पुण्याकडचा समजायला लागले. मी त्यांना तसंच समजू दिलं.

माझं काम गाडीवाल्यांचं. लायसन नाही, जादा माल भरला, ट्रिपल सीट सापडले — असल्यांना एकच सल्ला : ‘कबूल’ म्हणा, दंड भरा, घरी जा. लढायचं फक्त ज्याची खरंच चूक नाही त्याच्यासाठी. आण्णाप्पाची चूक नव्हती.

आण्णाप्पा माझ्या शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा. सातवीनंतर त्याची शाळा सुटली, माझी सुटली नाही. कॉलेजला जाताना रोज पहाटे तो मला सायकलवर डबलसीट घेऊन एसटीपर्यंत सोडायचा. मी काळा कोट घातला आणि त्यानं मला अरे-तुरे करणं सोडलं. ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागला. मी त्याला थांबवलं का? नाही. बरं वाटायचं.

तो भाजीचा टेम्पो चालवायचा. कोल्हापुरात शिरताना बोळातून एक सायकलवाला न बघता आडवा आला, त्याचा पाय मोडला. समोरच्या टपरीवाल्यानं सगळं पाहिलं होतं, साक्षीला यायलाही तयार होता. केस सुटण्यासारखी होती. आणि सुटायलाच हवी होती, कारण आण्णाप्पाला एसटीत ड्रायव्हर व्हायचं होतं. लहानपणापासून तेवढं एकच. “डाग लागला तर एसटी गेली बघा, वकीलसाहेब,” एवढंच तो म्हणाला होता.

मी त्याला शिकवून ठेवलं होतं — शेवटी जजसाहेब ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारतील, तेव्हा ‘न्हाय’ म्हणायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. मोठं माणूस बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं मधे मधे ‘व्हय’ म्हणायचं. त्याचा अर्थ ‘खरं आहे’ असा नसतो. ‘ऐकतोय, बोला पुढं’ एवढाच असतो. गप्प राहणं हा उद्धटपणा. 

साहेब विदर्भातून नवीन बदलून आलेले. बोर्डावर ढीगभर केसेस. त्यांनी भराभर वाचायला सुरुवात केली — तू टेम्पो भरधाव वेगानं चालवलास. “व्हय जी.” हयगयीनं, अविचारानं चालवलास. “व्हय.” फिर्यादीच्या दुखापतीला कारण झालास. “व्हय जी.” आणि त्याच दमात, त्याच आवाजात — गुन्हा कबूल आहे? 

“व्हय जी.”

साहेबांनी लिहायला घेतलं. एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

तुम्हाला वाटेल, मला कळायला वेळ लागला. नाही. त्याच क्षणी कळलं होतं. त्या कोर्टात तो ‘व्हय’ माझ्याइतका कुणाला कळणार होता? उठून एवढंच म्हणायचं होतं — साहेब, आमच्याकडं ‘व्हय’चा अर्थ वेगळा असतो. पण त्यातला ‘आमच्याकडं’ हा शब्द — तो मला उच्चारता येईना. मागच्या बाकावर चहा पाजणारे ते सगळे बसले होते. मी मान डोलावली. होकारार्थी. 

कारकुनानं बोट ठेवलं तिथं आण्णाप्पानं सही केली. शिक्षा झाली दंडाची आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. ती साहेबांनी वाचली तेव्हाही तो ‘व्हय’च म्हणाला. दंड म्हणजे कोर्टाची फी, असं मी त्याला सांगितलं. मग तो मागं भिंतीला टेकून बसला, टोपी मांडीवर घेऊन. दुपार टळून गेल्यावर मी तिकडून चाललो होतो, तर हळूच विचारतो, “वकीलसाहेब, आपला नंबर कवा लागणार?”

शिक्षा भोगत होता हो तो. आणि त्याला वाटत होतं, अजून पुकारा व्हायचाय.

“लागला की,” मी म्हणालो. “सुटलास तू.”

त्यानं माझे हात धरले. गावात सांगत सुटला, आपल्या वकिलानं एका तारखेत सोडवलं. पुढं एसटीची भरती निघाली. गाडी चालवून दाखवण्यात तो पास झाला, आणि चौकशीत अडकला. माझ्याकडं आला. “कायतरी जुनं निघालंय म्हणत्यात. आपली केस तर तुम्ही सोडवलीती न्हवं?” मी म्हणालो, कुणाचा तरी वशिला लागला असेल. त्यानं त्यावरही विश्वास ठेवला. 

वरच्या कोर्टात जाता आलं असतं. पण तिथं माझीच मान डोलावलेली सांगावी लागली असती. मी गेलो नाही.

तो आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवत राहिला. आता नजर कमी झाली म्हणून तेही बंद आहे. मी गावी गेलो की तो पोरांना उठवून मला जागा करून देतो. “उठा रं, आपलं वकीलसाहेब आल्यात.”

गेल्या दिवाळीत सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ओट्यावर आम्ही दोघंच. मी सुरू केलं — आण्णाप्पा, तुझी ती केस आठवते? “व्हय.” त्या दिवशी साहेबांनी तुला विचारलं. “व्हय.” मी तिथंच उभा होतो. “व्हय की.”

पुढं मी उसाचं बोललो. तोडणी यंदा लांबली, पाणी कमी पडलं, असलं काहीबाही — बराच वेळ बोलत राहिलो. आणि प्रत्येक वाक्यामागून त्याचा ‘व्हय’ येत राहिला.

तो ऐकत होता.