उतरणार का?

बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे हेडफोन मी रागाच्या भरात घेतले. आमच्या सकाळच्या बसमध्ये एक काका रोज सगळ्यांना ऐकू जातील असे मोबाइलवर विनोदी व्हिडिओ लावतात. एकदा म्हटलं, "काका, आवाज जरा कमी करा." तर म्हणाले, "बस काय तुमच्या एकटीची आहे का?" त्याच संध्याकाळी दुकानात चार हेडफोन लावून पाहिले. ज्यात दुकानदाराचंही बोलणं ऐकू येईना, ते घेतले. गोंगाट त्यांनी करायचा आणि कान मी झाकायचे, याची चीड मात्र गेली नाही.

काल पुढच्या दाराशी उभी होते. कोणीतरी माझा खांदा गदागदा हलवला. हेडफोन काढले, तर तेच काका ओरडत होते, "अहो, सरका की. आजी मघापासून विचारतायत, उतरणार का म्हणून."

मागे एक आजी होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वरचा दांडा. दवाखान्याचा स्टॉप मागे पडला होता. "असू दे बाई, जाईन चालत," त्या म्हणाल्या.

बसमध्ये माणसं एकमेकांशी बोलतात ते एवढंच. मागच्याने "उतरणार का?" विचारायचं, पुढच्याने उतरायचं किंवा सरकायचं. तेवढंही मी बंद करून टाकलं होतं.

काकांच्या हातातला मोबाइल अजून बोंबलत होता. त्यांचा राग मला आजही येतो. पण एवढ्या गोंगाटात त्यांना आजी ऐकू आल्या, हे त्याहून सहन होत नाही.